डॉक्टरांचे लेख मोजू नका, वाचा!

वैद्यकीय नियतकालिकांत लेख कसा लिहावा ह्याविषयी त्या नियतकालिकांचे संपादक जे नियम छापतात, त्यांच्यासाठी दैनिकाच्या पहिल्या पानाची जागा खर्च करावी काय, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांना पडेल. पाण्याची टंचाई, लोकलची गर्दी, घरांची भाडी हे प्रश्न डोळ्यांसमोर उभे असताना, कुठल्या तरी इंग्रजी मासिकाने बारीक टाइपात छापलेल्या सूचनांशी सामान्य मुंबईकराचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो त्याच्या जिवाशी आहे. सार्वजनिक इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत उभी राहिलेली एखादी बाई दुपारी डॉक्टरांपुढे येते, आणि डॉक्टर कागदावर चार ओळी लिहून तिच्या हाती देतात. त्या चार ओळींतील गोळी तिच्या रोगावर चालते, हे डॉक्टरांना कोठून कळले? पाठ्यपुस्तकातून. पाठ्यपुस्तकात ते कोठून आले? नियतकालिकांत छापलेल्या शोधनिबंधांतून. तो निबंध खोटा असेल, अर्धवट असेल, औषध-कंपनीच्या नोकराने लिहून त्यावर डॉक्टरांची नुसती सही घेतलेली असेल, तर त्या बाईच्या पदरात पडलेल्या गोळीवर विश्वास कोणी व कशाच्या बळावर ठेवावयाचा?

हा विषय आमच्या शहराला परका नाही. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीने आपले वृत्तांत १८३८ मध्ये छापावयास प्रारंभ केला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेज अस्तित्वातही आले नव्हते. परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे व के. ई. एम. रुग्णालयाचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघत आहे. वैद्यकीय नीतीची चर्चा करणारे नियतकालिकही १९९३ मध्ये ह्याच शहरात सुरू झाले. तेव्हा, हा लंडन-न्यूयॉर्कच्या पंडितांचा प्रश्न आहे, असे म्हणून आम्हांस हात झटकता येणार नाहीत.

हे नियम आहेत तरी काय? १९७८ च्या जानेवारीत कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले. विषय तसा किरकोळ होता. निबंधाच्या शेवटी संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यावेत, मजकूर कसा मांडावा, ह्याविषयी प्रत्येक मासिकाची तऱ्हा वेगळी. एका ठिकाणाहून लेख परत आला की दुसरीकडे धाडण्यापूर्वी तो सबंध पुन्हा टंकलिखित करावा लागे. तो व्याप वाचावा एवढाच हेतू. परंतु ह्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती पुढे झाली, तिच्या नियमावलीत हळूहळू समासाच्या व स्वल्पविरामाच्या गोष्टी मागे पडून अधिक गंभीर प्रश्न पुढे आले. लेखक कोणास म्हणावे? पैसा कोणी दिला हे सांगितले आहे काय? रुग्णाची संमती घेतली आहे काय? चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद झाली होती काय? आज त्या सूचना वाचावयास घेतल्या तर त्या रुक्ष वाटतात हे खरे. पण त्यांतील बहुतेक कलमांमागे कोठे ना कोठे फसवणूक झालेली आहे, आणि काही कलमांमागे माणसे मेलेली आहेत.

रोफेकॉक्झिब ह्या वेदनाशामक औषधाची हकिकत घ्या. 'व्हायॉक्स' ह्या नावाने ते अमेरिकेत अमाप खपले. २००० च्या नोव्हेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या जगन्मान्य नियतकालिकात त्याच्या एका मोठ्या चाचणीचा वृत्तांत आला. आठ हजारांवर संधिवाताच्या रुग्णांवर ती चाचणी झाली होती. जुन्या औषधापेक्षा हे औषध पोटास कमी अपाय करते, हा निष्कर्ष ठळकपणे पुढे आला. हृदयविकाराच्या झटक्यांचा उल्लेख होता, पण औषध घेणाऱ्यांतील तीन झटके त्या हिशेबातून गळलेले होते. आणि लेख छापून येण्यापूर्वी चार महिन्यांहून अधिक काळ ते निदान दोघा लेखकांस ठाऊक होते. दुसऱ्या एका चाचणीने धोका निर्विवाद दाखविल्यावर २००४ च्या ३० सप्टेंबरला कंपनीने औषध बाजारातून काढून घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतातही त्यावर बंदी आली, कारण तोवर तेच रसायन निरनिराळ्या नावांनी आपल्याही दुकानांतून विकले जात होते. नियतकालिकाच्या संपादकांनी आपली चिंता जाहीरपणे छापली ती २००५ च्या डिसेंबरात. म्हणजे लेखानंतर पाच वर्षांनी! पाच वर्षांत किती जणांनी ती गोळी गुडघ्याच्या दुखण्यासाठी विश्वासाने गिळली असेल?

ह्याच सुमारास दुसरे पाप उघडकीस आले. लहान मुलांच्या खिन्नतेवरील एका औषधाच्या प्रतिकूल चाचण्या दाबून ठेवल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २००४ मध्ये एका बड्या औषध-कंपनीवर दावा लावला. दहा चाचण्या करावयाच्या, त्यांतील दोन मनाजोगत्या निघाल्या की त्याच छापावयाच्या आणि उरलेल्या आठांचे कागद कपाटात ठेवावयाचे, ही युक्ती एखाद्या सटोडियालाच सुचावी. संपादकांच्या समितीने त्याच वर्षी उत्तर दिले: १ जुलै २००५ नंतर सुरू होणारी जी चाचणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत चढलेली नसेल, तिचा वृत्तांत आम्ही छापणार नाही. हे कोणत्याही सरकारी कायद्याने घडले नाही. मूठभर संपादकांनी आपल्या नियमात एक वाक्य घातले आणि साऱ्या जगातील औषध-कंपन्यांना मान तुकवावी लागली. भारताची नोंदवही २००७ च्या जुलैत उघडली आणि १५ जून २००९ पासून ती नोंद सक्तीची झाली. संपादकाने मनावर घेतले तर काय घडू शकते, ह्याचे हे उदाहरण आम्ही मुद्दाम विस्ताराने दिले.

आणखी एका लहानशा कलमाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. एखाद्या विचित्र रोगाच्या रुग्णाचे छायाचित्र छापताना त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढण्याची जुनी रीत आहे. ती पुरेशी नाही, असे ही नियमावली स्पष्ट सांगते. ओळख पटण्याचा संभव असेल तर रुग्णास हस्तलिखित दाखवून त्याची लेखी संमती घेतली पाहिजे. आता आपल्या इस्पितळांतील दृश्य आठवा. खाटेवरील गरिबाच्या हाती एक इंग्रजी छापील कागद येतो, शाईची डबी येते, अंगठा उमटतो आणि कागद फाइलीत जातो. आपले उघडे अंग, आपला सुजलेला चेहरा उद्या अमेरिकेतील व जपानमधील वाचक पाहणार आहेत, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेले असते काय? मनुष्यावरील प्रयोगांविषयीचा हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ चा. त्या तत्त्वांस सोडून केलेल्या संशोधनाचे वृत्तांत छापण्यासाठी स्वीकारू नयेत, हे वाक्य त्यात १९७५ मध्ये आले. म्हणजे रुग्णाच्या अब्रूचा शेवटचा पहारेकरी म्हणून जगाने संपादकाला नेमून सुमारे पन्नास वर्षे झाली. पहारेकरी जागा आहे की पेंगतो आहे, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला, आणि म्हणून वृत्तपत्राला, आहे.

पहारेकरी पेंगतोही. आणि तो लहान गावचा असतो असे नव्हे. १९९८ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट'ने अँड्र्यू वेकफील्ड ह्या ब्रिटिश डॉक्टराचा केवळ १२ मुलांच्या तपासणीवर आधारलेला लेख छापला आणि गोवरादि रोगांवरील लशीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला गेला. लस-उत्पादकांविरुद्ध दावा चालविणाऱ्या वकिलांकरवी ह्या गृहस्थांस पैसा मिळत होता, हे लेखात नव्हते. तो लेख पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० च्या फेब्रुवारीत. बारा मुले आणि बारा वर्षे! त्या अवधीत ब्रिटनमधील आईबापांनी लशीकडे पाठ फिरविली व गोवर परत आला. पुढे २०२० च्या मे महिन्यात, कोविडची साथ भरात असताना, त्याच 'लॅन्सेट'ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ह्या औषधावरचा एक निबंध छापला. सहा खंड, ६७१ इस्पितळे, ९६,०३२ रुग्ण. आकडे असे भव्य की वाचणाऱ्याचे डोळेच दिपावेत. औषध घेणारे अधिक मरतात, असा निष्कर्ष. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग थांबविला. मग कोणीतरी साधी बेरीज करून पाहिली, आणि ऑस्ट्रेलियातील म्हणून दाखविलेले मृत्यू त्या देशाच्या सरकारी आकड्याहूनही जास्त भरले! मूळ कागद दाखवा, असे म्हणताच आकडे पुरविणाऱ्या कंपनीने नकार दिला. ४ जूनला चार लेखकांपैकी तिघांनी लेख मागे घेतला. त्यांनी स्वतः ते कागद पाहिलेच नव्हते. ह्या नामुष्कीनंतर 'लॅन्सेट'ने नियम केला की, मूळ आकडे एकाहून अधिक लेखकांनी स्वतः हाताळून पडताळलेले असले पाहिजेत. हा नियम सांगावा लागतो ह्याचेच आम्हांस नवल वाटते. आपण काय लिहीत आहोत हे लेखकाला ठाऊक असावे, अशी अट दैनिकाच्या नवख्या वार्ताहरावरही असते.

तेव्हा नियम कितीही चांगले असले तरी ते वाचले व पाळले जातील अशी परिस्थिती भोवताली असावी लागते. आमच्या देशात नेमकी उलट परिस्थिती आहे, आणि ती शासनानेच निर्माण केली आहे. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या ठरवून दिली. सहयोगी प्राध्यापक व्हावयाचे तर दोन, प्राध्यापक व्हावयाचे तर एकूण चार. २०१५ मध्ये तिने स्पष्टीकरण केले की, लेखकांच्या यादीतील पहिली दोनच नावे मोजली जातील आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकांतील लेख धरले जाणार नाहीत. त्या वेळी जगातील उत्तम नियतकालिकांपैकी काही त्याच स्वरूपात निघत होती! देशातील काही वैद्यकीय संपादकांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन ह्यास जाहीर विरोध केला. पुढे २०२० मध्ये पहिली तीन नावे व पत्रव्यवहार करणारा लेखक चालू लागले. परिषद जाऊन त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, पाटी बदलली. पण २०२२ च्या नियमांतही दोन व चार हे आकडे तसेच राहिले. त्या दोन लेखांत काय लिहिले आहे, ते खरे आहे काय, त्याचा कोणास उपयोग झाला काय, हा प्रश्न त्या नियमाच्या स्वप्नातही येत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ह्याहून दुसरे काय होणार?

आणि कुत्री जमलीच. डॉक्टरांस विचारा, रोज सकाळी त्यांच्या संगणकावर स्तुतिपर पत्रे येऊन पडतात. 'आपल्या थोर विद्वत्तेचा आम्हांस लाभ द्यावा, आठ दिवसांत लेख छापू, शुल्क अमुक.' ज्यांचा विषय नेत्रचिकित्सा त्यांना दंतवैद्यकाच्या मासिकाचे संपादकपद देऊ केले जाते. परीक्षकांनी लेख तपासावयाचा असतो. येथे तपासली जाते ती फक्त पैसे पोहोचल्याची पावती. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर २०१३ ची गोष्ट ऐका. 'सायन्स' ह्या अमेरिकन साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन ह्या पत्रकाराने दगडफुलातील एका द्रव्याने कर्करोग बरा होतो असा एक निखालस बनावट निबंध रचला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही दिसाव्यात अशा चुका त्यात मुद्दाम पेरल्या होत्या. लेखकाचे नाव खोटे, आफ्रिकेतील त्याची संस्था खोटी. तो ३०४ नियतकालिकांकडे गेला. १५७ नी स्वीकारला, ९८ नी नाकारला. सर्वांत मोठा वाटा भारतातून चालणाऱ्या नियतकालिकांचा होता, आणि ज्या स्वीकारपत्राने बोहॅननने आपल्या वृत्तांताचा आरंभ केला, ते मुंबईतील एका प्रकाशनसंस्थेच्या मासिकाचे होते. ही बातमी वाचून आम्हां मुंबईकरांची मान खाली गेली असेल, तर ते योग्यच झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी करून पाहिली. यादीत शिरण्याचीच मग शर्यत लागली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ तपासून दाखविले की, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नावे यादीत राहण्याच्या लायकीची नाहीत. त्या वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे एका दमात कापली, नंतर नवी यादी केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. हैदराबादच्या एका प्रकाशन-कंपनीस तर अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरावयास सांगितले, कारण परीक्षणाविषयी व शुल्काविषयी तिने लेखकांची दिशाभूल केली होती. आमच्या दाराशी चाललेला व्यापार परदेशच्या न्यायालयाला दिसला!

आता, नावांच्या यादीविषयी. लेखक म्हणवून घेण्यास संपादकांच्या समितीच्या चार कसोट्या आहेत, आणि चारही पार पडाव्या लागतात: संशोधनाच्या कल्पनेत किंवा कामात भरीव वाटा, लेख लिहिणे अथवा त्याची मर्मग्राही दुरुस्ती, अखेरच्या मसुद्यास संमती, आणि सबंध लेखाचा जबाब देण्याची तयारी. चौथी कसोटी २०१३ मध्ये आली. लेख अंगाशी आला की 'माझे नुसते नाव होते' म्हणून निसटणारे फार झाले होते. आमच्या इस्पितळांत काय चालते? रात्रपाळी करून, शंभर रुग्णांचे कागद हाताने उतरून घेऊन निवासी डॉक्टर मजकूर तयार करतो, आणि यादीच्या शिरोभागी अशा गृहस्थांचे नाव बसते, की ज्यांनी तो मजकूर उघडूनही पाहिलेला नाही. एका तरुण डॉक्टराने आम्हांस सांगितले की, त्याच्या विभागात कोणाची बढती जवळ आली आहे हे पाहून लेखावरील नावांचा क्रम ठरे. तो हे सांगताना चिडलाही नव्हता. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जातात हे आपण जसे सांगतो, तसे त्याने सांगितले. विद्यार्थीदशेतच खोट्या सहीची सवय लागलेला माणूस उद्या मृत्यूच्या दाखल्यावर व विम्याच्या कागदावर सही करणार आहे, हे आम्ही विसरता कामा नये.

ह्यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो टाकाऊ नाही. संख्येची अट काढली तर आमचे वैद्यकीय शिक्षक संशोधन करणारच नाहीत. आहेत तेही हातावर हात ठेवून बसतील! दिल्लीचे शल्यविशारद डॉ. समीरन नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ह्याच प्रश्नाचा हिशेब प्रसिद्ध केला. २००५ ते २०१४ ह्या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध त्यांना सापडला नाही. वर्षाला शंभराहून अधिक निबंध प्रसिद्ध करणाऱ्या संस्था अवघ्या २५. पण वाचकहो, अट २००९ ची आहे! त्या दशकाचा अर्धा भाग ती अट लागू असतानाचा आहे. जगाने दखल घ्यावी अशा नियतकालिकांत ह्या संस्था शून्यच राहिल्या. ज्या शिक्षकाला सकाळी दीडशे रुग्ण तपासावयाचे, दुपारी शिकवावयाचे, सायंकाळी शासनाचे तक्ते भरावयाचे, ज्याच्या महाविद्यालयात आकडेशास्त्राचा जाणकार नाही व ग्रंथालयात चालू वर्षाची नियतकालिके नाहीत, त्याला 'दोन लेख आण' म्हणून फर्मावणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. तो बिचारा लेख विकत घेतो. त्याला आम्ही निर्दोष म्हणत नाही. पण त्याला दुकानाचा रस्ता सरकारने दाखविला, हेही सांगितले पाहिजे. उत्तम शिकविणारा, रुग्णाच्या पोटावर हात ठेवताच रोग ओळखणारा डॉक्टर जन्मात एकही निबंध न लिहिता प्राध्यापक व्हावयास काय हरकत आहे? आम्हांस तर अशा प्राध्यापकाच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टराकडे जावयास आवडेल.

आणि एक लेख किती मोलाचा असू शकतो? मुंबईचेच उदाहरण आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर करून त्याची हकिकत १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. कलकत्त्याच्या सेन व बोस ह्यांनी त्या वनस्पतीविषयी १९३१ मध्येच एका भारतीय मासिकात लिहिले होते. पण ते मासिक जगाने वाचले नाही. वकिलांचा लेख वाचला गेला. बोस्टनच्या डॉक्टरांनी ते औषध वापरून पाहिले, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रसायनज्ञांनी त्यातून रेसर्पीन वेगळे काढले, आणि रक्तदाबावर मुद्दाम घ्यावयाचे औषध जगाला मिळाले. पुढे त्या औषधाने काही रुग्ण खिन्न होतात हेही उघड झाले, आणि तेही नियतकालिकांतूनच. असा एक निबंध हाती घेऊन आज एखादा डॉक्टर निवड-मंडळापुढे आला, तर आमचा नियम त्याला काय सांगेल? 'ठीक आहे, आणखी एक आणा.'

खोट्या लेखाची झळ किती लांब पोहोचते हे कोविडने दाखविले. २०२० च्या नोव्हेंबरात इजिप्तमधील एका विद्यापीठातून आयव्हरमेक्टिन ह्या जंतनाशक औषधावरील एक वृत्तांत, परीक्षकांनी तपासण्यापूर्वीच, प्रसृत झाला. मृत्यू कमालीचे घटतात, असा त्याचा दावा. निरनिराळ्या चाचण्यांची एकत्र बेरीज करणाऱ्यांनी तो आपल्या बेरजेत घेतला. २०२१ च्या मार्चअखेर जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध चाचणीबाहेर वापरू नये असे सांगितले होते. तरी मे महिन्यात गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्व गोमंतकीयांना ते देण्याचे जाहीर केले. जुलैत लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्या इजिप्शियन वृत्तांताचे मूळ आकडे उघडून पाहिले. तेच ते रुग्ण पुन्हा पुन्हा आलेले. काही जण तर चाचणी सुरू होण्यापूर्वीच मृत झालेले! वृत्तांत मागे घेण्यात आला, आणि तो वगळताच बेरजेतील फायदाही बराच ओसरला. गोव्याचा निर्णय त्या एका कागदावर झाला असे आम्ही म्हणत नाही. पण आणीबाणीच्या वेळी मंत्र्यांपुढे जी टाचणे जातात ती अशाच कागदांतून तयार होतात, आणि जे काम संपादकाने व परीक्षकाने करावयाचे ते एका विद्यार्थ्याला करावे लागले, एवढे निश्चित.

आता मागणी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बढतीच्या नियमातून लेखांची संख्या काढून टाकावी. ज्याला संशोधनाच्या बळावर पुढे यावयाचे आहे त्याने आपला एकच, स्वतःला सर्वांत चांगला वाटणारा निबंध पुढे ठेवावा. निवड-मंडळाने तो वाचावा, बाहेरच्या जाणकाराकडून वाचवून घ्यावा, आणि उमेदवारास समोर बसवून विचारावे: ह्यातील काम तुम्ही कोणते केले? रुग्ण कोठे मिळाले? मूळ कागद कोठे आहेत? अर्ध्या तासाची ही मुलाखत कोणत्याही मान्य यादीपेक्षा अधिक सांगेल, आणि विकत घेतलेला लेख पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडेल. ज्याचे बळ शिकविण्यात व रुग्णसेवेत आहे, त्याची परीक्षा त्यातच व्हावी.

आमच्या वैद्यकीय संघटनांच्या नियतकालिकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांचे बहुतेक संपादक दवाखाना व वॉर्ड आटोपून रात्री विनावेतन काम करतात, ह्याची आम्हांस जाण आहे व त्याबद्दल आदरही आहे. परंतु संघटनेच्या अध्यक्षांचा लेख परत करण्याची छाती किती संपादकांना आहे? चूक झाल्यावर ती तितक्याच ठळकपणे छापण्याची तयारी किती जण दाखवितात? मूळ लेख पहिल्या पानावर आणि मागे घेतल्याची सूचना कोपऱ्यात, ही वृत्तपत्रांची वाईट खोड आहे. आम्ही ती आमच्यावरून ओळखतो. वैद्यकीय संपादकांनी तरी ती उचलू नये. संघटनांनी संपादकास मुदत ठरवून नेमावे, मधेच काढू नये, एक आकडेतज्ज्ञ पगारी द्यावा, आणि औषधांच्या जाहिरातींतून किती उत्पन्न येते ते दरवर्षी त्याच नियतकालिकात छापावे.

दिल्ली हलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मुंबई महानगरपालिका स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये चालविते. राज्य शासनाची आहेत. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ह्या सर्वांच्या परीक्षा घेते. लेखावरील प्रत्येक नावापुढे त्या माणसाने केलेले काम एका ओळीत लिहून त्याच्या सहीने दप्तरी ठेवावे. पैसे भरून छापलेल्या लेखाचे पैसे कोणी भरले ते नोंदवावे. रुग्णाचे छायाचित्र किंवा हकिकत प्रसिद्ध करण्यासाठी मराठी, हिंदी, उर्दू व गुजराती भाषांत संमतिपत्र छापून, ते वाचून दाखविल्याशिवाय अंगठा घेऊ नये. आणि वरिष्ठाने नाव घुसडल्याची तक्रार करणाऱ्या निवासी डॉक्टरास परीक्षेत त्याची किंमत मोजावी लागणार नाही अशी व्यवस्था विद्यापीठाने करावी. ह्यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा नको, मोठा खर्च नको. महापालिकेच्या महाविद्यालयांत बढत्यांसाठी निवड-मंडळाची पुढची बैठक भरेल तेव्हा टेबलावर उमेदवारांच्या लेखांची यादी ठेवली जाईल की लेख, हे आम्ही विचारणार आहोत, आणि जे उत्तर मिळेल ते ह्याच पानावर छापू.